भाकरीचे ऋण : कर्नल जेम्स स्किनर

दिल्लीच्या काश्मिरी दरवाजाजवळ, मोटारींच्या आणि मेट्रोच्या गजबजाटात, पिवळसर रंगाचे व घुमटाचे एक ख्रिस्ती मंदिर उभे आहे. सेंट जेम्स चर्च हे त्याचे नाव. काही वर्षांपूर्वी पवित्र शास्त्राच्या भाषांतराच्या कामासाठी दिल्लीस गेलो असता एका रविवारी मी तेथे उपासनेला बसलो होतो. प्रभुभोजनासाठी पुढे गेलो तेव्हा वेदीसमोर जमिनीत बसविलेल्या एका साध्या संगमरवरी शिळेकडे लक्ष गेले. ज्यांनी स्वतःच्या पैशाने हे मंदिर बांधले ते कर्नल जेम्स स्किनर त्या शिळेखाली विसावले आहेत. भाकर व प्याला घेण्यासाठी येणारा प्रत्येक जण त्यांच्या समाधीजवळूनच जातो.

स्किनर यांचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना घोडदळाचे सरदार म्हणून ठाऊक असते. मराठी वाचकांना त्यांच्याविषयी अधिक जवळीक वाटावी असे कारण आहे. त्यांच्या आयुष्यातील लष्करी धडे त्यांनी गिरविले ते इंग्रजांच्या नव्हे, तर शिंद्यांच्या चाकरीत. आणि हे मंदिर ज्या नवसातून उभे राहिले, तो नवसही शिंद्यांचे शिपाई असतानाच बोललेला.

दोन घरांचा पोर

जेम्सचा जन्म १७७८ मध्ये कलकत्त्यास झाला. वडील हर्क्युलीस स्किनर हे स्कॉटलंडचे, ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी. आई रजपूत घराण्यातील. वडिलांच्या ताटात सुरी-काटा आणि आईच्या घरात पडदा व सोवळेओवळे, अशा दोन रीतींमध्ये ही मुले वाढली. १७९० मध्ये वडिलांनी मुलींना शाळेत घालण्याचे ठरविले. मुली पडद्याबाहेर जाणार, कुळाची अब्रू जाणार, हे सहन न होऊन आईने स्वतःचा जीव दिला. जेम्स त्या वेळी बारा वर्षांचा होता. दोन संस्कृतींचा संगम हा शब्द आपण सहज वापरतो. त्या संगमात एखाद्या घराचा बळी कसा जातो, हे त्या मुलाने डोळ्यांनी पाहिले.

आईमागून मुलांना धर्मादाय शाळेत घालण्यात आले. पुढे काय करावयाचे हा प्रश्न होता. कंपनीने १७९१ मध्ये नियम केला होता की, ज्याच्या मातापित्यांपैकी एक जण हिंदी आहे त्याला कंपनीच्या मुलकी अथवा लष्करी सेवेत अधिकारपद मिळणार नाही. १७९५ मध्ये तो नियम अधिक कडक झाला. अशा मुलांना पलटणीत ढोल वाजविणे, पावा वाजविणे किंवा घोड्यांना नाल ठोकणे एवढीच कामे उरली. बापाच्या पलटणीत मुलाला जागा नव्हती.

तेव्हा जेम्सला एका छापखान्यात सात वर्षांच्या कराराने उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. तिसऱ्याच दिवशी तो पळाला. खिशात चार आणे होते. ते संपल्यावर तो बाजारात ओझी वाहू लागला, सुतारांच्या हाताखाली मजुरी करू लागला. दिवसाला दोन आणे मिळत. अखेर बहिणीच्या घरच्या नोकराने त्याला ओळखले व घरी नेले. काही महिने त्याने मेहुण्याच्या वकिली कागदांच्या नकला केल्या. मग त्याचे धर्मपिता कर्नल बर्न यांना त्याची दया आली. त्यांनी प्रवासखर्च व शिफारसपत्र देऊन त्याला उत्तरेस, महादजी शिंद्यांची कवायती फौज उभारणाऱ्या द बॉइन याच्याकडे पाठविले.

महादजी शिंदे १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीस निवर्तले होते. गादीवर दौलतराव होते. अलीगढजवळच्या कोईल येथे द बॉइनची छावणी होती. तेथे या सतरा वर्षांच्या मुलाला दरमहा दीडशे रुपयांवर नेमणूक मिळाली. ज्या मुलाला त्याच्या बापाच्या लोकांनी ढोल देऊ केला होता, त्याच्या हाती शिंद्यांच्या दौलतीने तलवार दिली. स्किनर हे ऋण कधी विसरले नाहीत.

उणियाऱ्याचे रण

१८०० मध्ये राजस्थानात करौली व उणियारा या दोन संस्थानिकांत तंटा पेटला. स्किनर यांना एक पलटण देऊन करौलीच्या मदतीस पाठविण्यात आले. पगार थकलेली करौलीची फौज ऐन वेळी फुटली. स्किनर यांची पलटण एकटी सापडली व कापली गेली. स्किनर यांच्या जांघेत गोळी लागली आणि ते बेशुद्ध होऊन पडले.

शुद्धीवर आले तेव्हा भोवती मेलेले आणि मरू घातलेले शिपाई होते. दिवसा ऊन व तहान, रात्री कोल्ह्यांची कुई. जवळच त्यांचा एक रजपूत सुभेदार पडला होता. त्याचा पाय तुटला होता. कोणी पाणी देईल का, एवढाच विचार सर्वांच्या मनात होता. त्या एकांतात बावीस वर्षांच्या स्किनर यांनी देवाला नवस केला की, येथून जिवंत उठलो तर मी एक मंदिर बांधीन.

मग त्या रणात एक म्हातारी बाई आणि तिच्याबरोबर एक माणूस आला. ती चर्मकार जातीची होती. त्या काळच्या समजुतीप्रमाणे अस्पृश्य. तिच्याजवळ एक टोपली होती, पाण्याचे मडके होते. शत्रूमित्र न पाहता, प्रत्येक जखमीजवळ थांबून ती जोंधळ्याच्या भाकरीचा तुकडा आणि घोटभर पाणी देत चालली होती. स्किनर यांनी भाकर घेतली, पाणी प्यायले. सुभेदाराने मात्र नकार दिला. आता काही घटकांचाच प्रश्न आहे, तेवढ्यासाठी जात कशाला बाटवू, असा त्याचा विचार होता. तो तहानलेलाच राहिला.

हा प्रसंग स्किनर यांनी स्वतः आपल्या आठवणींत नोंदवून ठेवला आहे. त्यांना पुढे उणियाऱ्याच्या राजाच्या माणसांनी उचलून नेले. शत्रू असूनही राजाने त्यांची शुश्रूषा करविली व काही काळाने सन्मानाने सोडून दिले. मोकळे होताच स्किनर यांनी त्या बाईचा शोध घेऊन तिला एक हजार रुपये पाठविले. आपण तिला आई मानतो, असा निरोपही त्यासोबत दिला. ज्यांची सख्खी आई कुळाच्या अब्रूपायी गेली होती, त्यांनी कुळच नसलेली आई जोडली.

मराठी पवित्र शास्त्राचे भाषांतर करताना इंग्रजीतील पावाच्या जागी आमच्या पूर्वसूरींनी 'भाकर' हा शब्द योजला. गरिबाच्या चुलीवरचा तो शब्द आहे. स्किनर यांचा हा वृत्तांत वाचल्यापासून तो शब्द लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे ती टोपली येते. प्रभूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी यहूद्याने मदत नाकारली असती तर काय झाले असते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. उणियाऱ्याच्या रणात त्याचे उत्तर मिळते. देणारा हात हलका मानला की देवाची कृपाही दारातून परत जाते.

हांसीचे जेवण

पुढच्याच वर्षी स्किनर यांना एक निराळे ताट पाहावयास मिळाले. आयर्लंडच्या टिपेररी परगण्यातील जॉर्ज थॉमस नावाचा खलाशी जहाज सोडून हिंदुस्थानात उतरला होता. सरधन्याच्या बेगम समरूची आणि नंतर मराठे सरदार आपा खंडेराव यांची चाकरी करीत करीत त्याने हांसी येथे स्वतःचे राज्यच थाटले. स्वतःची टाकसाळ काढली. आजच्या झज्जर जिल्ह्यात जॉर्जगढ नावाचा किल्ला बांधला. लोक त्याला जहाजगढ म्हणत. शूर, उदार आणि शब्दाला जागणारा असा हा मनुष्य, पण दारूपुढे हतबल.

शिंद्यांचा सेनापती पेरों याने १८०१ मध्ये त्याच्यावर फौज पाठविली. तिचा प्रमुख बूर्कां नावाचा फ्रेंच अधिकारी होता. स्किनर व त्यांचे धाकटे बंधू रॉबर्ट हे दोघेही त्या फौजेत होते. २९ सप्टेंबर १८०१ रोजी जॉर्जगढ येथे घनघोर लढाई झाली. दोघा भावांना एकमेकांच्या मृत्यूची खोटी वार्ता कळली आणि दोघेही अंधारात प्रेतांमध्ये एकमेकांना शोधत फिरले. थॉमसचे पारडे त्या दिवशी जड होते. परंतु त्याचा विश्वासू अधिकारी हॉपकिन्स पडला, आणि दुःखाने थॉमसने मद्याचा आश्रय घेतला. जे दिवस फौज हलविण्याचे होते ते पिण्यात गेले. अखेर हांसीच्या किल्ल्यात कोंडला जाऊन त्याने शरणागती पत्करली.

शरण आलेल्या शत्रूला मेजवानी देण्याची युरोपीय अधिकाऱ्यांची रीत होती. मेजवानीच्या अखेरीस कोणाच्या तरी नावाने प्याला उंचावून पिण्याचीही रीत होती. या रिवाजाला इंग्रजीत 'टोस्ट' म्हणतात, कारण पूर्वी इंग्लंडात मद्याच्या प्याल्यात मसाला लावलेला भाजक्या पावाचा तुकडा टाकीत असत. पुढे पावाचा तुकडा गेला आणि नाव राहिले. त्या रात्री बूर्कांने पेरोंच्या यशाच्या नावाने प्याला उंचावला. पाहुण्याच्या पराभवाचाच तो जल्लोष होता. इतर अधिकाऱ्यांना ते रुचले नाही. त्यांनी आपले प्याले पालथे केले. थॉमसच्या डोळ्यांत अश्रू आले, आणि दुसऱ्याच क्षणी तो तलवार उपसून उभा राहिला. एका आयरिश तलवारीची धार अजून शिल्लक आहे, हे त्याने बूर्कांला असे काही ऐकविले की यजमानच तंबूतून पळाला. मंडळींनी थॉमसला कसेबसे शांत केले. परंतु परत जाताना दरवाजावरच्या पहारेकऱ्याने हटकले, तेव्हा नशेच्या भरात त्याने त्या शिपायाचा हातच तोडला. सकाळी शुद्धीवर आल्यावर तो शरमेने काळवंडला. त्याने त्या शिपायाला बोलावून पाचशे रुपये दिले. हात मात्र परत देता आला नाही.

थॉमस २२ ऑगस्ट १८०२ रोजी कलकत्त्याच्या वाटेवर बहरामपूर येथे मरण पावला. प्याला पालथा करणारे ते अधिकारी आणि प्याल्यापायी राज्य गमावणारा तो आयरिश वीर, हे चित्र स्किनर यांच्या मनात कायमचे कोरले गेले असावे. त्यांच्या आठवणींतील हा प्रसंग अतिशय जिवंत उतरला आहे.

पिवळे स्वार

१८०३ मध्ये शिंदे व इंग्रज यांच्यात युद्ध जुंपले. पेरोंने इंग्रज रक्ताच्या सर्व अधिकाऱ्यांना काढून टाकले. स्किनर यांना शिंद्यांच्या चाकरीतच राहावयाचे होते. त्यांनी तशी विनवणी केली, ती फुकट गेली. कंपनीने त्यांना हिंदी म्हणून दूर ठेवले होते, आता पेरोंने इंग्रज म्हणून दूर केले. एकाच रक्ताची दोन्हीकडून नाकारणी.

शेवटी ते इंग्रज सेनापती लॉर्ड लेक याच्याकडे गेले, पण एक अट घालून. ज्यांचे अन्न खाल्ले त्या शिंद्यांविरुद्ध मी लढणार नाही, अशी ती अट होती, आणि ती मान्य झाली. खाल्ल्या मिठाला जागणे ही आपल्याकडील जुनी नीती आहे. या अर्ध्या स्कॉट माणसाने ती पाळली. ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेच्या पूर्वतीरावर, आजच्या पटपडगंज व नोएडाच्या परिसरात, लढाई होऊन दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. त्यानंतर पेरोंचे सुमारे दोन हजार स्वार लेककडे आले. तुमचा नायक कोण, असे विचारता त्यांनी स्किनर यांचे नाव घेतले. हेच ते प्रसिद्ध 'स्किनर्स हॉर्स' घोडदळ. पिवळ्या अंगरख्यामुळे लोक त्यांना पिवळे स्वार म्हणू लागले. माणसाच्या धैर्याला देवाचे साहाय्य लाभते, अशा अर्थाचे फारसी वचन हे त्या दळाचे ब्रीद आहे. भारतीय सैन्यात हे दळ आजही आहे. घोड्यांच्या जागी रणगाडे आले, एवढेच.

लोकांनी स्किनर नावाचे 'सिकंदर' करून टाकले आणि ते सिकंदरसाहेब झाले. तरी कंपनीच्या दरबारी त्यांची कुचंबणा संपली नाही. युद्ध संपताच काटकसरीच्या नावाखाली दळ कमी करण्यात आले, गरज पडताच पुन्हा वाढविण्यात आले. कालच्या पोराला, केवळ तो दोन्ही बाजूंनी गोरा म्हणून, त्यांच्यावर हुकूम चालविता येई. भरतपूरच्या वेढ्यानंतर, १८२० च्या दशकाच्या अखेरीस, त्यांना इंग्लंडच्या राजाकडून लेफ्टनंट कर्नलचे पद व सी. बी. हा किताब मिळाला. तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती.

ताटाजवळचा चमचा

हांसी, दिल्ली आणि आजच्या गौतम बुद्ध नगर जिल्ह्यातील बिलासपूर येथे त्यांची घरे व जहागिरी होत्या. पाहुणचार अफाट. त्या काळच्या दिल्लीत साहेबांची मेजेही दोन देशांची असत. खिचडीचे 'केजरी' होऊन ती मासे व अंडी घालून न्याहारीला येई. विलायती क्लॅरेटच्या शेजारी हुक्का गुडगुडे. स्किनर इंग्रजीपेक्षा फारसीत अधिक सहज लिहीत. हिंदुस्थानातील नाना जातिजमाती व त्यांचे व्यवसाय यांचे वर्णन करणारा एक सचित्र ग्रंथ त्यांनी १८२५ मध्ये फारसीत सिद्ध केला. सुताराचा मदतनीस म्हणून घाम गाळलेल्या माणसाला कारागिरांच्या जिण्याविषयी आस्था वाटावी, यात नवल नाही.

त्यांच्या परिचितांनी एक गोष्ट नोंदविली आहे. एवढ्या वैभवातही सकाळच्या न्याहारीच्या वेळी त्यांच्या मेजावर एक जुना, साधा चमचा मांडला जाई. आपण कोठून आलो याची रोज आठवण राहावी, हा त्यामागचा हेतू. अनेक घरांतून रुपेरी चमच्यांचे संच कपाटात जपून ठेवतात. हा चमचा कपाटात ठेवण्यासाठी नव्हता.

ते संत होते असे मला म्हणावयाचे नाही. त्यांच्या घरी अनेक स्त्रिया होत्या. चौदा हा आकडा सांगितला जातो, त्यांच्या वंशजांना तो मान्य नाही. आकडा काहीही असो, ते जीवन प्रभूच्या शिकवणीशी सुसंगत नव्हते, आणि ते झाकून ठेवण्यात सत्याची सेवा नाही. आपल्या पापाची जाणीव त्यांना होती असे दिसते. माझे दफन मंदिराच्या उंबरठ्याखाली करा, म्हणजे आत जाणारे सर्व लोक या महापाप्यावर पाय ठेवून जातील, अशी त्यांची इच्छा होती असे सांगतात.

नवस फिटला

नवसाच्या पूर्तीला छत्तीस वर्षे लागली. १८२६ च्या सुमारास बांधकाम सुरू झाले. क्रुसाच्या आकाराची मांडणी, मधोमध घुमट, तीन बाजूंना खांबांच्या देवड्या. खर्च नव्वद हजारांहून अधिक रुपये झाला आणि तो सारा स्किनर यांनी केला. २१ नोव्हेंबर १८३६ रोजी कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी मंदिराचे समर्पण केले. त्यांनी मशीद व देऊळही बांधले अशी दिल्लीत आख्यायिका आहे. आई व बाप, शिपाई व सोबती, सर्वांचे देणे फेडू पाहणाऱ्या माणसाविषयी अशी आख्यायिका जन्मावी हेही बोलके आहे.

त्यांचे जिवलग मित्र विल्यम फ्रेझर यांचा मार्च १८३५ मध्ये दिल्लीत खून झाला होता. त्यांची संगमरवरी समाधी स्किनर यांनी याच आवारात बांधली. ४ डिसेंबर १८४१ रोजी स्वतः स्किनर हांसी येथे देवाघरी गेले. प्रथम त्यांना तेथेच पुरण्यात आले. पुढे त्यांच्या इच्छेप्रमाणे शव दिल्लीस आणून १९ जानेवारी १८४२ रोजी पुन्हा दफन करण्यात आले. पिवळे स्वार बरोबर होते, दिल्लीकर दुतर्फा उभे होते. उंबरठ्याऐवजी वेदीसमोर जागा देण्यात आली.

१८५७ च्या उठावात मंदिरावर गोळे पडले, घुमटावरील क्रूस व गोल छिन्नभिन्न झाले. पुढे ते नवे बसविले गेले. राजधानी दिल्लीस आल्यानंतर १९३१ मध्ये नवे कॅथीड्रल तयार होईपर्यंत व्हाइसरॉयही येथेच उपासनेस येत. आज हे मंदिर चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या दिल्ली धर्मप्रांतात आहे आणि तेथे नित्य उपासना होते.

त्या रविवारी भाकर व प्याला घेऊन मी जागेवर परतलो तेव्हा मनात एक गोष्ट आली, ती सांगून थांबतो. प्रभूच्या मेजावर आपण सर्व एका भाकरीतून खातो. पण मंदिराबाहेर आल्यावर, सोयरीक जुळविताना, आपल्याही मंडळ्यांत अजून दबक्या आवाजात विचारले जाते की, हे मूळचे कोण? मी स्वतःच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना तसे विचारताना ऐकले आहे, आणि तेव्हा मी गप्प बसलो होतो. तो प्रश्न विचारणारा उणियाऱ्याच्या रणातील सुभेदारापेक्षा फार वेगळा नाही. गप्प बसणाराही नाही. तो सुभेदार शूर होता, स्वामिनिष्ठ होता, आणि पाणी समोर असताना तहानलेला राहिला.

दिल्लीस जाणाऱ्या वाचकांनी काश्मिरी दरवाजाचे हे मंदिर अवश्य पाहावे. मंदिरात स्किनर घराण्याचे स्मृतिलेख आहेत, पटांगणात फ्रेझर यांची समाधी आहे. ज्या बाईच्या टोपलीतील भाकरीने ते मंदिर बांधणारा जगला, तिचे नाव कोणालाच ठाऊक नाही. ते ज्याला ठाऊक आहे, त्याच्याच नावाने तेथे दर रविवारी भाकर मोडली जाते.